मुक्कामाची उधारी

कोकणात आमच्यावर चढलेलं पहिलं ऋण संडासाचं. लोक पाण्याचं म्हणतात, मिठाचं म्हणतात, आणि तीही पुढं चढलीच. पण दोन लेकरं, म्हातारी सासू आणि मी, अशा चौघांना परक्या गावात सकाळी गाडीतून उतरल्या उतरल्या जे लागतं, त्याचं नाव लिहायला लाजण्यात काय अर्थ आहे? हरिहरेश्वराच्या अलीकडं एका वाडीच्या कडेला आदल्या संध्याकाळी गाडी लावली होती. सकाळी समोरच्या घरातल्या आजी अंगणात सडा घालत होत्या. मी बादली घेऊन नुसतीच उभी. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, बादलीकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "लाजतेस काय गो? मागीलदारी जा. पोरांनाही घेऊन जा." मग थांबून म्हणाल्या, "कुत्र्यांचं काय ते तुम्ही बघा हो."

कुत्र्यांचं आम्ही बघितलंच होतं. उजाडायच्या आत नवरा दोघांना लांब फिरवून, खुरप्यानं माती ओढून परत आला होता.

आम्ही कळमनुरीचे. हिंगोली-नांदेड रस्त्याला नवऱ्याचं गॅरेज आहे, कयाधूच्या अंगाला थोडं रान आहे, त्यात हळद आणि सोयाबीन. आमच्या लेकरांचा समुद्र म्हणजे इसापूरचं धरण. थोरली तेव्हा सात वर्षांची, धाकटा तीनचा. खरा समुद्र कळमनुरीहून सहाशे किलोमीटरच्या घरात, आणि जायचं तर हॉटेलचा खर्च आणि कुत्र्यांना कुठं ठेवायचं हे दोन प्रश्न दरवर्षी उभे राहायचे. पहिला प्रश्न एखाद्या वर्षी सुटलाही असता. दुसरा सुटत नव्हता. दोन कुत्री आहेत म्हटलं की लॉजवाला फोन ठेवून द्यायचा.

मग एका शाळेची जुनी टेम्पो ट्रॅव्हलर भंगाराच्या भावात आली. नवऱ्याच्या डोक्यात बरेच दिवस घोळत असलेली गोष्ट तिच्यात बसली. आता हे काम वाटतं तितकं मोकळं नाही. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे नोंदणीतल्या गाडीत परस्पर बदल करता येत नाहीत. गॅरेजवाल्याला हे दुसऱ्यानं सांगावं लागत नाही. मागच्या सीटा रीतसर परवानगी काढून उतरवल्या आणि बाकी सगळं सुटं ठेवलं. शेजारच्या सुतारकाकांनी लाकडी पेट्या करून दिल्या. दिवसा त्यांच्यावर बसायचं, रात्री जोडून झोपायचं, आत कपडे आणि डाळ-तांदूळ. मजुरी काढायला गेलो तर म्हणाले, समुद्राहून आल्यावर बघू. आल्यावरही त्यांनी बघितलं नाही. गादीवाल्यानं पेट्यांच्या मापाच्या गाद्या भरून दिल्या. टपावर 100 लिटरची काळी टाकी; ती उन्हानं इतकी तापायची की दुपारनंतर लेकरांच्या आंघोळीला पाणी तापवायची गरज नसे. पाच किलोचा गॅस, ट्रकच्या बॅटरीवर चालणारा पंखा आणि माझ्या जुन्या साड्यांचे पडदे. एवढ्यात घर झालं, एक संडास सोडून.

महाराष्ट्र सरकारनं 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. चाकावरच्या गाड्या, त्यांना उभं राहायला वीज-पाण्यासह जागा, असा त्यातला विचार, आणि विचार चांगलाच आहे. फक्त आमची गाडी त्यातल्या चित्रासारखी दिसत नव्हती. पहिल्या पावसात ती हळदीची पोती वाहायच्या कामाला लागली होती, आणि वास काही केल्या जाईना. पुढं किनाऱ्यावर कुणी गाडीत डोकावलं की आधी विचारायचं, "हळदीची गाडी आहे का?"

कुत्री दोन. भुऱ्या गॅरेजवर आपण होऊन आलेला, गावठी, सगळ्यांशी सलगी करणारा. हरणी मात्र कारवानी. उंच, पोट आत गेलेलं, तोंड निमुळतं, पळताना पाय जमिनीला लागतात की नाही कळू नये अशी. ती आम्हाला मेंढरंवाल्या मावशीनं दिली. उन्हाळ्यात रान मोकळं झालं की खतासाठी आम्ही रानात मेंढरं बसवतो. एका कुटुंबाचा कळप बरीच वर्षं येतो. घोड्याच्या पाठीवर बाज बांधलेली, बाजेवर भांडी, झोळीत कोंबड्या, आणि सगळ्यांच्या वर एक लेकरू आणि कुत्र्याचं पिल्लू एकाच चादरीत गुंडाळलेलं. हरणी अशाच चादरीतून आमच्या अंगणात उतरली. मावशीला पैसे विचारले तर ती रागावली. कुत्रं इकत नसत्यात, म्हणाली.

गाडी तयार झाल्याचं मी तिला मोठ्या कौतुकानं दाखवलं. तिनं आत डोकावून पाहिलं, गादी दाबून पाहिली आणि मला शिकवायला बसली. तिचा सगळा जन्म मुक्काम हलवण्यात गेलेला. आम्ही पहिल्यांदा निघालेलो. म्हणाली, "गाव दिसलं की दिवस असतानीच उतरावं. अंधारात आलेल्या माणसाला लोक चोर म्हनत्यात. उतरलं की पहिलं कुत्रं बांधावं, मंग लेकरू खाली सोडावं. अन् पाणी मागायच्या आधी आपलं गाव सांगावं." मी म्हटलं, गाव आधी कशाला? ती म्हणाली, "गाव सांगितलं की माणूस होतंय. न सांगता मागितलं की भिकारी." हे शिकवणं मला आयत्या वेळी किती पुरलं ते मोजता येणार नाही. शाळेत शिकलेल्यातलं वाटेत काही उपयोगी पडल्याचं आठवत नाही.

2024 च्या मार्चअखेर हळद हिंगोलीच्या बाजारात गेली, पट्टी हातात आली आणि आम्ही निघालो. जिंतूर, जालना, पुणे हा रस्ता सांगण्यासारखा नाही. लोकसभेची आचारसंहिता लागलेली, म्हणून नाक्यानाक्यावर पथकं. एका ठिकाणी रोकड शोधायला मागचं दार उघडलं आणि हरणीनं शांतपणे मान बाहेर काढली. साहेब दोन पावलं मागं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आतूनच म्हणाल्या, "आमचं मतदान 26 तारखेला हाय, तवर माघारी येतो बाप्पा." त्यांना वाटलं, तेवढ्यासाठीच गाडी अडवली.

ताम्हिणी उतरल्यावर हवा बदलली. अंगाला चिकटणारी, गरम. आमच्याकडं मार्चचं ऊन करकरीत, इथलं ओलं. कुत्र्यांना पहिल्या दिवशी सुधरेना. धाकट्यानं समुद्र पाहिला तेव्हा तो काही बोलला नाही. बराच वेळ बघून मला विचारलं, "पलीकडचा काठ कुठंय?"

हरिहरेश्वराहून खाली जायचं तर सावित्रीची खाडी आडवी येते. बागमांडल्याच्या जेटीवरून फेरीबोट गाड्या घेऊन पलीकडं वेशवीला सोडते. तिथून रत्नागिरी जिल्हा. कोकणात किनाऱ्याकिनाऱ्यानं जायचं म्हणजे अशा खाड्या ओलांडत जायचं. पुढं वाशिष्ठीवर दाभोळ ते धोपावे, शास्त्रीवर तवसाळ ते जयगड. दाभोळची फेरीबोट 2003 पासूनची. बोट नसेल तर समोर दिसणाऱ्या गावाला जायला अर्ध्या दिवसाचा वळसा पडतो.

सकाळी नवाच्या सुमारास जेटीवर पोचलो तर पाणी तळाला गेलेलं. बोटीची फळी धक्क्यावरून खाली इतकी तिरकी पडली होती की आमच्या गाडीचा मागचा लांब भाग हमखास घासला असता. नवरा उतरून वाकून बघत होता. बोटीवरचा एक खलाशी आला, त्यानंही वाकून पाहिलं. म्हणाला, "आता नको. खालची टाकी फुटेल. पाणी चढू द्या, फळी सपाट होते." किती वाजता चढेल, विचारलं. त्यानं उलटं विचारलं, "आज तिथी काय?"

आम्ही दोघं एकमेकांकडं बघतोय तोवर गाडीतून आत्याबाईंचा आवाज आला, "चतुर्थी. संकष्टी हाय आज."

"मग तीनला फुल्ल भरती," तो म्हणाला. "बारा-एकला या फळीवर."

मला हे गणित हवं होतं. त्यानं हातातला दोर न सोडता सांगितलं. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी म्हणजे चार, चाराची पाऊणपट तीन. तीनला भरती पुरी. तिथून सहा तास मागं किंवा पुढं गेलं की पाणी तळाला, म्हणून तर नवाला ही दशा. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. पुनवेनंतर पुन्हा एकपासून मोजायला घ्यायचं. घड्याळात थोडं मागंपुढं होतं, पण जाळं टाकायला आणि फळी लावायला तेवढं पुरतं. रोज भरती पाऊण तासानं पुढं सरकते, कारण चंद्र तसा उशिरा उगवतो, हे मी पुस्तकात वाचलं असेल. पण ते पंचांगातून असं बाहेर काढून कुणी हातावर ठेवलं नव्हतं.

आत्याबाई मात्र हरखल्या. जन्मभर त्यांनी चतुर्थ्या धरल्या, एकादश्या धरल्या, नर्सीला नामदेवांच्या दर्शनाला वारीच्या हिशेबानं गेल्या. त्या सगळ्या तिथ्यांचा इथं, इतक्या लांब, पाण्याशी संबंध आहे, हे त्यांना त्या दिवशी कळलं. पुढच्या सगळ्या प्रवासात भरतीची वेळ सांगायचं काम त्यांचं. मोबाईलमध्ये बघायला गेलं की म्हणायच्या, "कशाला उघडायलास, मी हाय की."

आम्ही जेटीवरच थांबलो. त्या खलाशानं कुत्र्यांसाठी पत्र्याच्या सावलीत जागा करून दिली आणि साडेबाराच्या फेरीला आम्हाला बोलावलं. फळीच्या तोंडाशी दोन लाकडी ओंडके लावून, हातानं इंच इंच खुणावत गाडी उलटी आत घेतली. हे त्याचं रोजचं काम असेल. पण त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर "चला, चला" म्हणून गाडी आत ओढली असती, आणि मग टाकीचं तो तरी काय करणार होता! निघताना चहाला पैसे देऊ केले. "घरी जाताना याच फेरीनं या," एवढंच म्हणाला. आम्ही घरी दुसऱ्या वाटेनं आलो.

संध्याकाळी वेळासला. हे नाना फडणवीसांचं गाव, पण आता लोक येतात ते कासवांसाठी. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या हिवाळ्यात रात्री वाळूवर चढून खड्ड्यात शंभर-सव्वाशे अंडी घालतात आणि पाण्यात परत जातात. मागं वळून बघत नाहीत. पूर्वी ती अंडी माणसं काढून न्यायची, नाहीतर कोल्ही-कुत्री उकरायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं, भाऊ काटदरे यांच्या पुढाकारानं, 2002 मध्ये इथं अंडी राखायला सुरुवात केली. गावातलीच पोरं पहाटे किनारा धुंडाळतात, अंडी काढून जाळीच्या कुंपणात तशाच खड्ड्यात पुरतात. पन्नासएक दिवसांनी पिल्लं वर येतात. सकाळ-संध्याकाळ टोपली उचलून बघायचं, निघाली असतील तर दोराच्या मधून पाण्याकडं सोडायची.

म्हणजे कुत्रं हा या गावात पाहुणा नव्हे. गाडी थांबली तसा एक जण आला. मावशीनं शिकवल्याप्रमाणे मी आधी गाव सांगितलं. त्यानं कळमनुरी ऐकलं नव्हतं. हिंगोली ऐकलं होतं. मग म्हणाला, "कुत्री आहेत ना? बांधलीत? बरं केलंत." कुत्री आधी बांधलेली पाहून त्याचा आवाज जो मऊ झाला, तो मला अजून ऐकू येतो. त्यानं गाडी किनाऱ्यापासून बरीच आत, एका घरामागच्या माडांखाली लावायला सांगितली. कुत्री वाळूवर आणायची नाहीत. रात्री दार बंद. हरणीसारखं नजरेवर धावणारं कुत्रं एकदा पिल्लाच्या मागं सुटलं तर पाच मिनिटांत सगळी मेहनत संपली, हे आम्हालाही पटत होतं.

पण मग कुत्र्यांपाशी कुणीतरी बसायला हवं. नवरा म्हणाला, तुम्ही जा, मी थांबतो. त्या घरातला दहावी-अकरावीचा पोरगा ओट्यावर बसला होता. तो म्हणाला, "काका, तुम्ही जा. मी बसतो. मी रोजच बघतो." आणि खरंच दोन अनोळखी कुत्र्यांच्या साखळ्या हातात धरून बसला. भुऱ्या लगेच त्याच्या पायावर पडला. हरणी परक्याजवळ कधी बसत नाही, ती उभीच राहिली, पण भुंकली नाही.

म्हणून माझ्या नवऱ्यानं कासवं पाहिली. टोपली उचलली तर आत काळी काळी हालचाल, तळहाताच्या अर्ध्या आकाराची पिल्लं एकमेकांवरून चढणारी. दोराच्या आत ती सोडली. एखादं सरळ निघालं, एखादं उलटं, एक तर पावलाच्या खळग्यात पडून तिथंच वल्ही मारत राहिलं. थोरली दोराबाहेरून त्याला हात द्यायला वाकली. राखणाऱ्या पोरानं हळूच तिचा हात मागं घेतला. "त्याचं त्याला चालू दे," म्हणाला, "चालण्यातच त्याची ताकद येते." लाट आली आणि ते गेलं. धाकट्यानं विचारलं, त्यांची आई कुठंय? सगळे थोडे गप्प झाले. आत्याबाई म्हणाल्या, "असल पाण्यात कुठंतरी, तिच्या घरी."

त्या रात्रीचं जेवण सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. आत्याबाईंचा उपास चंद्र उगवल्यावर सुटणार, म्हणजे नवाच्या पुढं. मी गाडीत खिचडी टाकायच्या तयारीत. घरातल्या काकूंना संकष्टीचं कळलं तशा त्या आत गेल्या, आणि नारळ खवल्याचा आवाज यायला लागला. त्यांच्या घरी कुणाची संकष्टी नव्हती. त्यांनी उकड काढली, मोदक केले, वरणभात केला, आणि माडांच्या वर चंद्र आल्यावर अंगणात आत्याबाईंसाठी पाट मांडला. आत्याबाईंना आमचे तळलेले मोदक माहीत, आत सुकं सारण. उकडीचा मोदक हातात घेतल्यावर त्यांनी तो फिरवून फिरवून बघितला. काकू म्हणाल्या, "तूप सोडा हो वरून, नुसता खाऊ नका." आत्याबाईंनी किती खाल्ले ते मी इथं लिहिणार नाही, त्या वाचायला लावतील कुणाला तरी.

सगळीकडं असं झालं असं नाही, आणि झालं असं लिहिलं तर ते खोटं होईल. पुढच्या एका गावात आम्हाला थांबू दिलं नाही. दोन तरुण पुढं आले, म्हणाले, इथं गाडी लावायची नाही. मी गाव सांगितलं, लेकरं दाखवली, नाही म्हणाले. नंतर त्यांच्यातल्याच एकानं किनाऱ्यावरच्या बाटल्यांच्या काचा दाखवल्या, आणि वाळूत रुतलेली गाडी बाहेर काढताना मोडलेला कठडा. पर्यटक वाळूवर गाड्या घालतात, भरती येते, मग गाव ट्रॅक्टर घेऊन धावतं. त्यांचं आम्हाला 'नाही' म्हणणं बरोबर होतं. आमच्या गावाकडं कोकणातल्या माणसाला हातचं राखणारा म्हणतात. एका मोसमात किती परके लोक त्याच्या अंगणात येतात हे पाहिल्यावर मी तसं म्हणणं सोडलं.

मुरूडच्या वाळूवर, दापोलीजवळच्या, कुत्र्यांना मोकळं सोडायला दुपारी कुणी नव्हतं तेव्हा परवानगी मिळाली. भुऱ्यानं आयुष्यात एवढं पाणी पहिल्यांदा पाहिलं आणि ते प्यायला सुरुवात केली. आम्ही ओढेपर्यंत बरंच प्यालेला. संध्याकाळपासून उलट्या आणि जुलाब. रात्रीत तो इतका उतरला की मान उचलेना. धाकटा त्याच्या अंगावर हात ठेवून बसलेला, उठायला तयार नाही. सरकारी जनावरांच्या दवाखान्याची वेळ संपलेली. कुणीतरी डॉक्टरांचं घर दाखवलं. जेवत्या ताटावरून उठून आले. कातडी ओढून पाहिली, सलाईन लावली, आणि ताजं पाणी एकदम न देता घोटघोट द्यायचं, असं समजावून सांगितलं. खाऱ्या पाण्यातलं मीठ अंगातलं पाणी ओढून घेतं. जितकं पितो तितकी तहान वाढते. मग हात धुताना विचारलं, "बोलणं आमच्या तिकडचं वाटतं. कुठले?"

"कळमनुरी."

डॉक्टर परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. पाच वर्षं परभणीची मेस, परभणीचं ऊन. त्यांचा चेहराच बदलला. मध्यरात्री आमच्या गाडीच्या पायरीवर बसून ते परभणीच्या बाजारातल्या हॉटेलांची नावं काढत राहिले. फी म्हणून दुसऱ्या दिवशी दवाखान्याची पावती फाडली तेवढीच. जाता जाता थोडं लाजून विचारलं, "तुमच्याकडं येसर आहे का हो?" आत्याबाईंनी सबंध डबा काढून दिला. येसराची आमटी आमच्याकडं रोजची, त्यात मागण्यासारखं काय आहे असं मला वाटायचं. तो डबा दोन्ही हातांनी घेणारा माणूस पाहिला आणि कळलं की आपण घरून काय घेऊन निघालोय.

दाभोळला रमजान चालू होता. खाडीकाठच्या एका मुसलमान घरासमोर उतरायला जागा मागितली. कळमनुरीत अर्धी गल्ली दखनी बोलते, तशी मला ती येते. पण इथल्या बाईंची कोकणी मला निम्मी कळेना आणि माझी दखनी त्यांना ऐकून हसू येई. रोजा सोडायच्या वेळेला त्यांनी दोन्ही लेकरांना आपल्या पोरांच्या ओळीत बसवलं, खजूर, कलिंगड, भजी. धाकट्यानं सगळ्यांबरोबर हात वर केले, मग भुऱ्या बरा होऊ दे म्हणाला. भुऱ्या तोवर बराच होता, पण कुणी त्याला सांगितलं नाही. कुत्री घराच्या उंबऱ्याजवळ नको, हे बाईंनी स्पष्ट सांगितलं. विहिरीपाशी बांधायला जागा दिली आणि त्यांच्यासाठी वेगळी मडकी फोडून दोन खापरं ठेवली.

दाभोळ हे बहमनी काळापासूनचं बंदर. विहिरीवर बसून मी विचार करत होते की आमच्या मुलखातून इथवर पूर्वी कोण आलं असेल. सरदार आले असतील, घोड्यांचे व्यापारी आले असतील. पण नेमानं येणारे लमाण असणार. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहणारे तांडे, बायका-पोरं बरोबर, राखणीला कुत्री. रेल्वे आली, पक्के रस्ते झाले आणि तो व्यापार मोडला. तांडे जिथं थांबले तिथं राहिले. कळमनुरीच्या आसपास कितीतरी तांडे आहेत. आमची हळद काढायला येणाऱ्या बायका तिथल्याच. त्यांच्या पणज्या किनाऱ्यापासून घाट चढून किती वेळा गेल्या असतील, आणि वाटेत कुणी त्यांना मागीलदारी जा म्हटलं असेल का, कोण जाणे. आम्ही एवढी मोठी गोष्ट म्हणून केलेला प्रवास त्यांचं पोट होतं.

पुढं गुहागर, तवसाळ, जयगड, मालगुंड असं रत्नागिरीपर्यंत गेलो आणि आंबा घाटानं वर आलो. ते चांगलंच होतं, पण लिहिण्यासारखं अलीकडंच घडून गेलं होतं.

घरी आल्यावर हळद दळायला टाकली आणि पुड्या बांधायला बसले. कोकणात प्रत्येकाला काहीतरी द्यायला गेलो होतो, डॉक्टर सोडून कुणी घेतलं नव्हतं. हरिहरेश्वराकडच्या आजींना कुरिअरनं दोन किलो पाठवली. त्यांचा फोन आला, आवाज चढलेला, "एवढ्या हळदीला करू काय? वाडीत घरोघर वाटली!" आणि आठ दिवसांत त्यांच्याकडून आमसुलं, कुळथाचं पीठ आणि भाजलेल्या काजूंचं पुडकं. फिटायच्या ऐवजी वाढलं. वेळासच्या काकूंना पाठवली, डॉक्टरांना हळद आणि येसर. दाभोळच्या बाईंना मोठी पुडी. त्यांनी फोनवर पहिलं विचारलं, कुत्रं कसं आहे? खलाशाचा पत्ता नव्हता. पुडीवर "फेरीबोटीवरचे खलाशी, बागमांडला जेटी" लिहिलं, खाली आत्याबाईंनी तिथी घालायला लावली, चैत्र वद्य अमुक. ती पोचली का ते कळलं नाही. पोचली असेल तर त्यांना भरतीची वेळ तरी लागली असेल.

मेंढरं तोवर आमच्या रानात येऊन बसली होती. संध्याकाळी आम्ही मावशीकडं गेलो, हरणी तिला ओळखून लोळण घेऊन आली. मावशीनं लेकरांना जवळ बसवलं. "सांगा बरं, समुद्र कसा हाय? इसापूरच्या धरणाहून मोठा?"

"पलीकडचा काठच नाही," धाकटा म्हणाला.

"अन् पाणी?"

"खारट. पिलं की उलटी होते. भुऱ्याला झाली."

"चारा?"

थोरलीनं विचार केला. "वाळू आहे. आणि नारळाची झाडं. मेंढरायला नाही काही."

मावशी माझ्याकडं बघायला लागली. "पाणी पिता येत न्हाई, चारा न्हाई. मंग मुक्कामाला तिथवर काहून गेलतीस माय?"

आत्याबाईंनी तिला तिथीची पाऊणपट समजावून सांगायला घेतली. निम्म्यात मावशी उठली, कारण शेजाऱ्याच्या उसाकडं चार मेंढरं निघाली होती.